नाईलचा अभ्यास, घोड नदीच्या काठी

मँचेस्टर शहर कापसावर वाढले आणि त्याच कापसाच्या पैशावर तिथल्या वस्तुसंग्रहालयात प्राचीन इजिप्त येऊन बसले. अमेलिया एडवर्ड्‌स या इंग्रज कादंबरीकार बाईने 1882 मध्ये काही विद्वानांना हाताशी धरून लंडनला ‘इजिप्त एक्सप्लोरेशन फंड’ काढला. गावोगाव मानद चिटणीस नेमले, वर्गणी गोळा केली, आणि त्या पैशातून इजिप्तमध्ये उत्खनने सुरू केली. सापडलेल्या वस्तूंचा एक हिस्सा त्या वेळच्या इजिप्त सरकारच्या परवानगीने बाहेर येई आणि वर्गणीदार शहरांच्या संग्रहालयांत वाटला जाई. मँचेस्टरचे सूतव्यापारी जेसी हॉवर्थ यांनी फ्लिंडर्स पेट्री या उत्खनकाला असाच पैसा पुरवला, आणि 1912 मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या नव्या इमारतीला त्यांचेच नाव लागले. वस्तू आल्या, मग त्या समजून घेणारी माणसे हवीत म्हणून संग्रहालयाच्या आश्रयाने अभ्यासमंडळे निघाली. शिक्षक, गिरणीवाले, गृहिणी, डॉक्टर, ज्यांना आयुष्यात कैरोला जाणे जमणार नव्हते अशी माणसे संध्याकाळी जमून चित्रलिपी शिकू लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा ज्या गिरण्यांनी इजिप्तचा आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस ओढला, त्याच गिरण्यांच्या प्रदेशात ही विद्या रुजली, हा तपशील आपण विसरू नये. इजिप्तच्या अभ्यासात आपण अगदीच तिऱ्हाईत आहोत असे मानणाऱ्याने तो विशेष लक्षात ठेवावा.

संग्रहालयाच्या आधाराने प्राचीन इजिप्तचा अभ्यास करणारे मंडळ मराठीत चालावे, आणि ते पुण्या-मुंबईच्या बरोबरीने यवतसारख्या गावातही चालावे, या विचारातून पुढील पाठमाला लिहिली आहे. यवत हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, रेल्वेच्या कडेचे गाव. आजूबाजूला ऊस आणि गुऱ्हाळे, वर डोंगरावर भुलेश्वराचे देऊळ, खाली धरणाच्या पाण्याचा कालवा. इथल्या माणसाला पिरॅमिडशी काय देणेघेणे, हा प्रश्न कुणीही विचारील आणि तो रास्तच आहे. ज्ञान कुठलेही चांगलेच असते, असे गुळगुळीत उत्तर देऊन त्याला वाटेला लावणे मला पटत नाही. माझे म्हणणे त्याहून नेमके आहे. दौंड-शिरूर या पट्ट्याचा स्वतःचा जो सर्वांत जुना इतिहास आज आपल्या हाती आहे, तो ज्या साधनांनी वाचला गेला त्यांतली काही महत्त्वाची साधने इजिप्तमध्ये घडली आणि तपासली गेली. त्या इतिहासातले काही प्रश्नही इजिप्तचा शेजार लाभल्याशिवाय नीट विचारता येत नाहीत. इथे इजिप्त शिकायचे ते घरचे वाचता यावे म्हणून.

घरचे म्हणजे इनामगाव. भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 अशी नऊशे वर्षांची शेतकऱ्यांची वस्ती तिथे उलगडली. आधी माळवा, मग पूर्व-जोर्वे, मग उत्तर-जोर्वे असे तिचे तीन टप्पे. भारतात एका ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे इतके विस्तृत आणि बारकाईचे उत्खनन क्वचितच झाले असेल. शंभराहून अधिक घरे मिळाली, आणि दफने दोनशेहून अधिक. सुरुवातीची घरे चौकोनी व ऐसपैस, शेवटच्या टप्प्यातली बरीचशी लहान व गोल. जव हे मुख्य पीक. पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट आणि त्याला लागून दगडमातीचा बांध. धान्याचे कोठार, आणि त्याच्या शेजारी पाच खोल्यांचे एक घर. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेला एक प्रौढ पुरुष. लहान मुले दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली उत्तर-दक्षिण ठेवलेली. मोठी माणसे पुरताना त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली. रांजणातल्या त्या पुरुषाची मात्र शाबूत. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली, तिच्यासोबत कच्च्या मातीची शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल. गावकऱ्यांनी हे सगळे मागे ठेवले, पण एक अक्षर ठेवले नाही. त्यांच्याजवळ लिपीच नव्हती.

आता हा काळ इजिप्तच्या कालपटाशेजारी ठेवून पाहावा. इनामगावला पूर्व-जोर्वे टप्पा चालू होता, म्हणजे इसवी सनापूर्वी 1400 ते 1000, तेव्हा नाईलकाठी तुतनखामुन राज्य करून गेला, दुसऱ्या रामसेसने सहासष्ट वर्षे राज्य केले आणि नवे साम्राज्य उतरणीला लागले. हा समकाल आपल्याला सांगता येतो तो कशाच्या बळावर? एक, खापरांच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेट्रीपुढे वरच्या इजिप्तमधली शेकडो थडगी होती, पण त्यांत राजाचे नाव नव्हते की लेख नव्हता. त्याने प्रत्येक थडग्यातल्या भांड्यांचे आकार टिपले आणि कोणता आकार कोणत्याबरोबर येतो, कोणाची मूठ झिजत झिजत नुसती रेघ उरते, हे पाहून थडग्यांचा कालक्रम लावला. खापराला घड्याळ करण्याची ही रीत जगभर पसरली. जोर्वेचे तोटीचे भांडे आणि माळव्याचे रंगवलेले भांडे यांवरून इनामगावचे थर ओळखणारे अभ्यासक त्याच परंपरेतले. दुसरे साधन रेडिओ-कार्बनचे. विलर्ड लिबी याने 1949 मध्ये ही पद्धत खरी उतरते का हे पाहण्यासाठी ज्यांचे वय आधीच माहीत आहे असे लाकूड घेतले. त्यात इजिप्तचे राजे झोसेर आणि स्नेफेरू यांच्या थडग्यांमधले नमुने होते. ते जुळले म्हणून जगाचा या पद्धतीवर विश्वास बसला, आणि पुढे घोडकाठच्या कोळशालाही वय मिळाले. म्हणजे इनामगावच्या मागे लागलेले इसवी सनापूर्वीचे आकडे उच्चारताना आपण इजिप्तची साक्ष न कळत काढतच असतो.

पद्धतीपेक्षाही मोठे देणे प्रश्नांचे आहे. नाईलच्या पश्चिम काठाला, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची देर अल-मदीना नावाची साठ-सत्तर घरांची वस्ती होती. आकाराने ती एक खेडेच. पण तिथली माणसे लिहीत, आणि पपायरस महाग म्हणून चुनखडीच्या कपच्यांवर व फुटक्या खापरांवर लिहीत. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातली एक कपची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ती चक्क हजेरीपट आहे. कोण कामावर आला नाही आणि का, याची नोंद. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी घरी बिअर गाळत बसला, कुणाच्या आईचे क्रियाकर्म होते. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्याचा शिधा थकला तेव्हा हेच कारागीर काम टाकून देवळांमागे ठिय्या देऊन बसले. जगातल्या या पहिल्या लेखी संपाची हकीकत इटलीत तुरिनला असलेल्या एका पपायरसात आहे. हे वाचून पुन्हा इनामगावच्या कोठाराकडे वळावे. त्याच्या शेजारचे पाच खोल्यांचे घर उत्खनकांनी गावप्रमुखाचे मानले. कोठार, पाट आणि मोठे घर यांवरून त्यांनी सामाजिक उतरंड असलेल्या, प्रमुखाच्या हुकमतीखालच्या गावाचे चित्र उभे केले. ते बहुधा बरोबर असेल. पण त्या कोठारातून धान्य कुणाला, किती आणि कशाच्या बदल्यात जात होते? शिधा थकला तर गाव काय करी? पाट साफ करायला कोण जाई आणि कोण टाळे? देर अल-मदीना वाचलेल्या माणसाला हे प्रश्न सुचतात. नुसती खापरे पाहणाऱ्याला ते सुचायला बराच वेळ लागतो. उत्तरे मात्र नाईलवरून उसनी आणायची नाहीत, हे इथेच बजावले पाहिजे. देर अल-मदीनाचे कारागीर सरकारी पगारी होते, घोडकाठचे शेतकरी नव्हते. दोघांमधला फरकही तितकाच शिकवतो. इजिप्तच्या माणसाला मृताचे शरीर अखंड हवे होते, पुढचा प्रवास त्या शरीराने करायचा म्हणून. इनामगावच्या माणसाने आपल्या मृताची पावलेच काढून घेतली, बहुधा त्याने कुठे जाऊ नये म्हणून. मृत्यूनंतरही माणूस चालतो ही धारणा दोघांपाशी असावी. एकाने त्याला वाटखर्च दिला, दुसऱ्याने त्याची वाट बंद केली.

तिसरा धागा पावसाचा, आणि दौंड-शिरूरच्या वाचकाला तो सर्वांत जवळचा वाटेल. इजिप्तमध्ये पाऊस जवळपास पडतच नाही. नाईलला उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जो पूर येई तो इथिओपियाच्या पठारावर जून ते सप्टेंबर पडणाऱ्या पावसाचा, निळ्या नाईलने वाहून आणलेला. तो पाऊस आणि आपला मोसमी पाऊस एकाच मोठ्या वातावरणीय व्यवस्थेचे भाग आहेत. प्रशांत महासागरात एल निनो जोरात असला की दोन्हीकडे तुटीचा संभव वाढतो. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खन होरपळत होते, आणि 1877 मध्ये नाईलचा पूरही कमालीचा कमी आला. 1899 मध्ये पुन्हा तेच, इकडे छप्पन्नचा दुष्काळ आणि तिकडे कोरडी पडलेली शेते. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाच्या अंदाजासाठी जगभरचे आकडे जुळवत होते, त्यांत नाईलच्या पुराचेही आकडे होते. या खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. नाईलच्या पाण्याची उंची मोजण्याची परंपरा प्राचीन फेरोंपासूनची आहे, आणि कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या मापकाशी जोडलेली नोंदमाला इसवी सनाच्या सातव्या शतकापासून, अधूनमधून खंडित का होईना, उपलब्ध आहे. पर्जन्यछायेत राहणाऱ्या माणसाला शेकडो वर्षांच्या पाण्याचा असा दुसरा हिशेब कुठे मिळणार? इथे मोह होतो तो सगळे एका दोरीत ओवण्याचा. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास हवा कोरडी झाली, त्यात इनामगाव खंगत गेले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. इजिप्तमध्येही त्याआधी धान्याचे भाव भडकले होते. चला, झाली सांगड! पण ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथल्या मुलांच्या अस्थींचा अभ्यास करून 2011 मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात अवर्षण हेच एकमेव कारण मानायला हरकत घेतली आहे. उत्तर-जोर्वे काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते हे त्या दाखवतात, मात्र त्याची मुळे शेतीच्या बदलत्या पद्धतीत आणि लोकसंख्येच्या ताणातही शोधतात. हा वाद मंडळाच्या बैठकीत मांडण्याजोगा आहे. तो मांडायचा तर नाईलचे आकडे आणि इनामगावची हाडे, दोन्ही समजणारी माणसे एका खोलीत हवीत.

ती खोली संग्रहालयाची असावी, असा आग्रह का? चित्रफिती आणि पुस्तके घरबसल्या मिळतात, मग काचेच्या पेटीपुढे उभे राहायचे कशाला, असे विचारले जाते. याचे कारण इजिप्तइतका कल्पनांनी वेढलेला विषय दुसरा नाही. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले, पिरॅमिडखाली ठेवलेले ब्लेड बोथट होत नाही, इजिप्तची संस्कृती मुळात इकडूनच गेली. आपल्याकडे तर वास्तुदोष घालवायला पितळी पिरॅमिड दुकानात मिळतात. या सगळ्यावर वस्तूइतका चांगला उतारा नाही. दगडावरची छिन्नीची खूण, भांड्याच्या बुडाला राहिलेला कुंभाराच्या दोरीचा ठसा, शवपेटीवर लेखनिकाने चुकवलेले अक्षर, हे समोर दिसले की बांधणारी माणसेच होती याबद्दल वाद घालायची गरज उरत नाही. वस्तूही फार दूर नाहीत. बडोद्याच्या संग्रहालयात तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या काळात आलेली ममी आहे. हैदराबादला निजामाने 1930 मध्ये संग्रहालयाला दिलेली आहे, आणि जयपूरला ‘तुतू’ नावाच्या स्त्रीची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2012-13 मध्ये ब्रिटिश म्युझियमने नेस्पेरेन्नुब या पुरोहिताची ममी आणली होती, आणि 2023 च्या अखेरीस भारत, इजिप्त, असीरिया, ग्रीस व रोम यांची शिल्पे तिथे एकत्र मांडली गेली. पण प्रदर्शन येते, शाळांच्या सहली होतात, प्रदर्शन जाते. पुढे वर्षभर त्या वस्तूंवर बोलत राहणारे कुणी नसते. मंडळाचे काम तिथून सुरू होते. याच संग्रहालयाची बस 2015 पासून महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत फिरते आहे. वस्तू गावात येऊ शकते एवढे तिने सिद्ध केले, आता ती गेल्यावर गावात काय मागे राहते याचा विचार व्हावा.

सर्वांत जोरकस आक्षेप हा की आधी आपले पाहा, मग परक्याचे. इनामगावचे नाव शेजारच्या तालुक्यात किती शाळकरी मुलांना माहीत आहे, असा सवाल टाकून इजिप्तप्रेमींना गप्प करता येते. आक्षेपातली वेदना खरी आहे, निष्कर्ष मात्र उलटा काढला जातो. सांकलियांनी लंडन विद्यापीठाची पदवी घेतली आणि मेडन कॅसल या इंग्लंडमधल्या टेकडीवर मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतले. परक्याचे पाहिलेल्या नजरेनेच त्यांना नंतर नेवासे आणि इनामगाव दिसले. उरला प्रश्न गावाच्या कुवतीचा. यवतपासून जवळच केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. दुष्काळात सापडलेल्या मुलींना 1896-97 मध्ये मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून आणून त्यांनी ते वाढवले. वर ज्या कोरड्या वर्षांचा उल्लेख आला, त्यांतल्या 1899 चेच हे दुसरे सावट. त्याच केडगावात बसून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि तिथल्याच छापखान्यात मुलींनी त्याचे खिळे जुळवले. 1922 मध्ये त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. पश्चिम आशियाची एक प्राचीन भाषा दौंड तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी इतकी कसून अभ्यासली गेली असेल, तर दुसरी लिपी आज शिकायला हे गाव लहान पडते असे कोण म्हणेल? तेर इथे रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्या व्यापाऱ्याने शेतांत सापडणाऱ्या वस्तू जमवल्या आणि त्यातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेर म्हणजे पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’मध्ये तगर म्हणून नोंदवलेली बाजारपेठ. तिथला माल पैठणच्या मालाबरोबर गाड्यांतून भडोचला जाई आणि जहाजांनी तांबड्या समुद्रातल्या बंदरांना लागे. त्यांपैकी बेरेनिके या बंदरात भारतीय मिरी, साग आणि 2022 मध्ये चक्क बुद्धमूर्ती मिळाली. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले तेव्हाही त्याचा पाया गावोगावची दप्तरे आणि वर्गणीदार सभासदच होते. एडवर्ड्‌सबाईंच्या फंडाची आणि राजवाड्यांच्या मंडळाची रचना ताडून पाहिली तर साम्य पुष्कळ आढळते. फरक इतकाच की राजवाड्यांना सापडलेल्या वस्तू इथेच राहिल्या.

त्या फरकाकडे मात्र काणाडोळा करता येणार नाही. युरोपातल्या संग्रहालयांचे इजिप्त हे साम्राज्याच्या सावलीत गोळा झालेले आहे. 1983 च्या कायद्याने इजिप्तने वस्तूंची ती वाटणी बंद केली. आज अभ्यास करणाऱ्या मंडळाने प्रत्येक वस्तूपुढे ही इथवर कशी आली, हा प्रश्न पहिल्या पाठापासून विचारला पाहिजे, आणि बडोद्याच्या ममीलाही त्यातून सूट नको. दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ममी ही वस्तू की मेलेले माणूस? मँचेस्टरला 1908 मध्ये मार्गारेट मरे यांनी एक ममी सुमारे पाचशे लोकांसमोर उलगडली होती. बरोबर शंभर वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच संग्रहालयाने तीन ममींवर चादरी घातल्या, लोकांनी तक्रारी केल्या आणि त्या पुन्हा अंशतः उघडाव्या लागल्या. 2020 च्या ऑगस्टमध्ये जयपूरच्या संग्रहालयात पावसाचे पाणी घुसले तेव्हा कर्मचाऱ्यांनी तुतूची काच फोडून तिला उचलून वर नेले. हा प्रसंग वाचताना आपण वस्तू वाचवल्याचे म्हणतो की बाई वाचवल्याचे, हे ज्याने त्याने ठरवावे. आपल्याला हा विषय परका नाही, कारण इनामगावच्या दोनशेहून अधिक दफनांमध्ये बहुसंख्य लहान मुले आहेत. त्यांच्या हाडांनी विज्ञानाला फार काही दिले, त्यांच्या वतीने मात्र कुणी काही विचारले नाही. सुरुवात घरापासून व्हायला हवी, म्हणून या पाठमालेत पिरॅमिड उशिरा येतात. पहिले तीन पाठ खापरांचे आहेत आणि ते पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जोर्वेची भांडी समोर ठेवून करायचे आहेत. चौथा नाईलच्या पुराचा, सोबत दौंड आणि शिरूर तालुक्यांच्या पावसाची कोष्टके. चित्रलिपी सातव्या पाठापासून, आणि तिच्यासाठी वही आडव्या रेघांची न घेता चौकटींची घ्यावी.